होयबा

आमच्या लहानपणीं सुगी सरली कीं नंदीबैलवाला जळकोटांत येई. झूल पांघरलेला, शिंगांना गोंडे लावलेला, गळ्यांत घुंगुरमाळ घातलेला तो बैल दारोदार उभा राही. त्याचा धनी गुबुगुबु वाजवून त्याच्या कानाशीं लागे व घरच्या मंडळींचे प्रश्न त्यास विचारी. "औंदा पाऊस पडंल का?" बैल मान डोलवी. "पोरीचं लगीन जमंल का?" बैल पुनः मान डोलवी. १९७२ सालच्या उन्हाळ्यांत आमच्या आजीनें त्याला पसाभर जोंधळे घालून पावसाचा प्रश्न विचारला होता, आणि बैलानें नेहमींप्रमाणें होकार दिला होता. त्या वर्षीं मराठवाड्यांत काय झालें तें सर्वांस ठाऊक आहे. दुष्काळ सरल्यावर तोच बैल पुनः दारांत आला, तेव्हां आम्हां पोरांनीं त्याला हांकलून लावण्याचा घाट घातला. आजी म्हणाली, "त्येचा काय गुन्हा रं? त्येला न्हाई म्हनायला कुनी शिकवलंय का?" आणि तिनें त्याच्यापुढें पुनः पसाभर जोंधळे टाकले.

आजीचें हें वाक्य आम्ही पन्नास वर्षें विसरून गेलों होतों. साठी उलटल्यावर, एका वाचनालयाच्या खोलींत संगणकासमोर बसलों असतां तें अकस्मात् आठवलें. पण आठवलें तेव्हां उशीर झालेला होता. तें कसें, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे. या हकीकतींत यंत्राचा दोष थोडा व आमचा पुष्कळ आहे, हें आरंभींच कबूल करून टाकतों, म्हणजे निवाडा करण्याचे श्रम वाचकांस पडणार नाहींत.

आमचें जळकोट लातूर जिल्ह्यांत, नांदेडच्या शिवेजवळ आहे. पूर्वीं तें उदगीर तालुक्यांत मोडे; आतां स्वतःच तालुक्याचें ठिकाण झालें आहे. महाराष्ट्रांत याच नांवाचें दुसरेंहि एक गांव आहे. तें तुळजापूर तालुक्यांत, नळदुर्गाजवळ, सोलापुराहून हैदराबादेस जाणाऱ्या रस्त्यावर. 'मुक्काम जळकोट' एवढ्यावरच भागविलेलीं आमचीं कित्येक पत्रें आधीं तिकडची यात्रा करून मग आमच्या हातीं पडलीं आहेत. तारुण्यांत आम्ही परगांवच्या टपालकचेरींत जाऊन गांवाचें नांव सांगितलें कीं खिडकीपलीकडून ठरलेला प्रश्न येई, "कोणतं जळकोट?" त्या प्रश्नाचा आम्हांस तेव्हां मोठा राग येई. आमच्या गांवास कोणी ओळखत नाहीं, असा त्याचा अर्थ आम्ही लावीत असूं. वास्तविक त्या कारकुनाइतकी आमच्या पत्रांची काळजी दुसऱ्या कोणीं केली नसेल.

या गांवांतील एका लहानशा वाचनालयाच्या व्यवस्थेचा कांहीं भार निवृत्तीनंतर आमच्याकडे आला. पुस्तकें सुमारें तीन हजार. विकत घेतलेलीं थोडीं, देणगीदाखल आलेलीं फार. आमच्याकडे एक चाल पडून गेली आहे. घरांत कोणी वारलें तर वर्षश्राद्धाच्या सुमारास वाचनालयास एखादें पुस्तक द्यावयाचें, आणि दाखल-नोंदवहींतील 'शेरा' या शेवटच्या रकान्यांत 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असें लिहवून घ्यावयाचें. देणाऱ्यांची पुस्तकांशीं फारशी ओळख नसल्यामुळें तींच तींच पुस्तकें येतात. ज्ञानेश्वरीच्या आमच्याकडे चौदा प्रती आहेत व 'श्यामची आई'च्या अकरा. एका पावसाळ्यांत छप्पर गळून नोंदवहीचा लगदा होण्याची वेळ आली, तेव्हां आमच्या ग्रंथपालबाईंनीं एकेक पान उन्हांत वाळवून, दोन हिवाळे खपून, ती सारी वही संगणकावर उतरविली. एक बोट वापरून टंकलेखन करणाऱ्या बाईंचें तें काम म्हणजे एक तपश्चर्याच होती. त्यानंतर मूळ वही कोणाच्या उपयोगाची उरली नाहीं.

२०२५ सालच्या दिवाळीच्या सुटींत पुण्यास नोकरी करणाऱ्या एका गांवकऱ्यानें आठ जुने लॅपटॉप वाचनालयास पाठविले, आणि लातुरास संगणकाचें शिक्षण घेणारी आमची पुतणी सुटीसाठीं घरीं आली. तिच्या मनांत आलें कीं या आठ यंत्रांवर गांवच्या मुलांस एजंट वापरावयास शिकवावें. एजंट म्हटलें कीं आमच्याकडे तहसील कचेरीबाहेर टेबल मांडून बसलेला गृहस्थ डोळ्यांपुढें येतो. आपले कागद त्याच्या स्वाधीन करावे, सही कोठें करावयाची तें त्यानें बोटानें दाखवावें, आणि आपण ती करावी. आम्हीं हें बोलून दाखवितांच पुतणी हंसली व म्हणाली, "काका, अगदी तसंच आहे ते." तें किती खरें होतें हें तिला त्या वेळीं कळलें नव्हतें व आम्हांसहि कळलें नव्हतें.

ज्या वाचकांचा या विषयाशीं परिचय नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. प्रश्न विचारला असतां उत्तर देणारी कृत्रिम बुद्धि आतां घरोघर फोनवर आली आहे. ती बोलते, पण कांहीं करीत नाहीं. २०२५ या एका वर्षांत क्लॉड कोड, कोडेक्स, जेमिनाय अशा नांवांचीं जीं साधनें निघालीं तीं याच्या पुढचीं आहेत. संगणकावरची जी काळी खिडकी, जींत चित्रें नसतात व केवळ अक्षरांनीं आज्ञा द्यावयाच्या असतात, तींत हीं साधनें राहतात. तुमच्या फाईली उघडतात, वाचतात, बदलतात, नव्या लिहितात, आणि संगणकास परस्पर आज्ञाहि देतात. बुद्धि कंपनीच्या दूरच्या यंत्रांत असते, हात मात्र तुमच्या घरांत असतात. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या कृतीपूर्वीं हीं थांबतात व विचारतात: ही फाईल बदलूं का? ही आज्ञा चालवूं का? आम्हीं त्यांतलें कोणतें वापरलें त्याचें नांव सांगत नाहीं. पुढें जें घडलें तें कोणत्याहि साधनाच्या हातून, आमच्यासारखा मालक मिळाला असतां, घडलें असतें.

असलें साधन यंत्रावर बसविणें हें एका दमाचें काम नव्हे. पहिला लॅपटॉप सिद्ध करावयास पुतणीस दीड दिवस लागला. साधनास तेव्हां नोड नांवाचा आधारभूत कार्यक्रम लागे, व तोहि अठराव्या आवृत्तीच्या अलीकडचा चालत नसे; आमच्या यंत्रांवर उबंटूची २२.०४ ही आवृत्ति होती, आणि तिच्या भांडारांतून मिळणारा नोड बारावा. तो दुसरीकडून आणावयाचा, मग साधन उतरवावयाचें, तें कोठें आहे हें संगणकाच्या मार्गयादींत लिहावयाचें, गुप्त किल्ली सुरक्षित ठेवावयाची, एजंटानें कोणत्या फोल्डरांत वावरावें तें ठरवावयाचें. पुतणीनें प्रत्येक पायरी एका दोनशें पानी वहींत लिहून काढली, तेव्हां चाळीसांवर पायऱ्या भरल्या. दुसऱ्या लॅपटॉपास अर्धा दिवस लागला. तिसऱ्याच्या वेळीं नवव्या पायरीवर वीज गेली, आणि ती परत आली तेव्हां आपण कोठें होतों हें कोणासच आठवेना. त्या रात्रीं पुतणीनें वही मिटली व स्क्रिप्ट लिहावयास घेतली.

स्क्रिप्ट म्हणजे साध्या मजकुराची एक फाईल. एकेका ओळीवर एकेक आज्ञा. ती वरून खालीं वाचून बजावणाऱ्या कार्यक्रमास शेल म्हणतात. हें नांव लुई पूझँ या फ्रेंच संगणकतज्ज्ञानें सन १९६० नंतरच्या दशकांत योजिलें. पुढें १९७९ सालीं युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचें शेल आलें, आणि ब्रायन फॉक्स यांनीं लिहिलेलें बॅश १९८९ सालीं प्रसिद्ध झालें. आमच्या आठहि यंत्रांत तेंच आहे. जें काम हातानें चाळीस पायऱ्यांनीं करावयाचें तें एकदां लिहून ठेवावें आणि मग आठ काय, ऐशीं वेळां करवून घ्यावें, ही कल्पना आम्हांस फारच आवडली. संबंध जन्म आम्ही तोच धडा वर्षानुवर्षें नव्या मुलांपुढें म्हणत आलों. एकदांच म्हणून भागलें असतें, ही कल्पना कोणत्या शिक्षकास आवडणार नाहीं?

परंतु लिहिलेली आज्ञा आणि सांगितलेली आज्ञा यांत पुष्कळ अंतर असतें, हें लौकरच प्रत्ययास आलें. पुतणीनें स्क्रिप्टमधील एक दुरुस्ती फोनवरून एका मुलास पाठविली, तर फोनच्या कळफलकानें शेजारशेजारच्या दोन आंखूड रेघा जोडून त्यांची एक लांब रेघ केली. मनुष्य ती दोन्ही प्रकारें वाचतो. शेलला ती मुळींच ओळखतां येईना. एका मुलानें मराठी कळफलकावरून अंक टाकला, तो संगणकास अंक वाटेना. सर्वांत मौज तिसऱ्या वेळीं झाली. बाजारांतील एका दुकानच्या विंडोजच्या संगणकावर स्क्रिप्ट उघडून पुनः जतन केली, आणि ती आमच्या यंत्रावर आणली तर उत्तर आलें कीं अशी फाईल अथवा असें फोल्डर नाहीं. फाईल तर डोळ्यांसमोर होती! शोधाअंतीं कळलें तें असें. जुन्या टंकयंत्रांत ओळ संपली कीं गाडी परत न्यावी लागे. त्या गाडी परत नेण्याची एक अदृश्य खूण विंडोज अजून प्रत्येक ओळीच्या शेवटीं ठेवतें, लिनक्स ठेवीत नाहीं. ती खूण शेलच्या नांवास चिकटली, व त्या चिकटलेल्या नांवाचें शेल कोठेंच नव्हतें. टंकयंत्रें भंगारांत गेलीं, त्यांची गाडी मात्र अद्याप परत येतच आहे.

या तीन अपघातांत नुकसान कांहीं झालें नाहीं, कारण तिन्ही वेळीं काम थांबलें. खरें भय काम न थांबण्याचें असतें. शेलची खोड अशी कीं मधली एखादी आज्ञा फसली तरी तें निमूटपणें पुढची बजावूं लागतें. विहिरीवरून रिकामी घागर आली तरी ती चुलीवर चढविणाऱ्या सुनेसारखें त्याचें वागणें आहे. म्हणून जाणता मनुष्य स्क्रिप्टच्या आरंभींच दोन ताकिदी लिहून ठेवतो. एक, कांहीं फसलें कीं तेथेंच थांब. दुसरी, एखाद्या नांवाला किंमत दिलेली नसेल तर ती रिकामी धरून पुढें जाऊं नको, थांब. दुसरी ताकीद क्षुल्लक वाटेल, पण तशी ती नाहीं. २०१५ च्या जानेवारींत स्टीम या खेळांच्या प्रसिद्ध कार्यक्रमाच्या लिनक्सवरील स्क्रिप्टमधला एक दोष जगजाहीर झाला. फोल्डराचें नांव धरून ठेवणारी जागा एका प्रसंगीं रिकामी राहिली, आणि 'या फोल्डरांतलें सर्व पूस' या आज्ञेचा अर्थ 'मुळापासून सर्व पूस' असा झाला. ज्यांच्या वांट्यास तें आलें त्यांच्या खासगी फाईलीहि गेल्या. जिल्हा न लिहिलेलें पत्र निदान दुसऱ्या जळकोटास तरी पोंचतें. रिकाम्या पत्त्यावरची ही आज्ञा मात्र प्रत्येक दार ठोठावीत गेली.

पुतणीनें या दोन्ही ताकिदी घातल्या. वीज गेल्यावर पुनः आरंभापासून चालविली तरी झालेलें काम ओळखून सोडून द्यावें आणि राहिलेलें करावें, अशीहि व्यवस्था तिनें केली. किल्ली स्क्रिप्टमध्यें न लिहितां ती ज्याची त्यानें टंकावी व तिची फाईल दुसऱ्यास वाचतां येऊं नये, असें ठरविलें. चौथ्या दिवशीं चौथा लॅपटॉप अकरा मिनिटांत सिद्ध झाला. मुलांनीं टाळ्या पिटल्या. आम्हींहि पिटल्या.

आतां आमच्या अपराधाकडे वळूं. मुलें साधन वापरूं लागलीं, आणि तें पदोपदीं प्रश्न विचारूं लागलें. ही फाईल वाचूं का, हें फोल्डर पाहूं का, ही यादी लावूं का. आणि सारें इंग्रजींत. मुलें गोंधळून आमच्या तोंडाकडे पाहत. एक जण कंटाळून म्हणाला, "सर, हे सारखं काय इचारायलंय?" आम्हांसहि तें असह्य झालें. टपालकचेरीच्या खिडकींतला तो जुना कारकूनच या काळ्या खिडकींत येऊन बसला आहे, असें वाटलें. आम्हीं पुतणीस सांगितलें कीं या प्रश्नांचा एकदां बंदोबस्त करून टाक.

तिनें सांगितलें कीं युनिक्सांत 'येस' नांवाची एक आज्ञा १९७९ सालापासून आहे. तिचें काम एवढेंच कीं कोणी थांबवीपर्यंत होकाराचें अक्षर ओळीमागून ओळ लिहीत राहावें. एखादा कार्यक्रम वारंवार परवानगी मागूं लागला कीं ही त्याच्या तोंडाशीं बसवावी, व आपण चहास जावें. आम्ही खूष झालों व म्हणालों, "म्हणजे होयबाच कीं!" प्रत्येक संस्थेंत एक होयबा असतो, येथें तो सरकारी पगाराशिवाय मिळत होता. एजंटास अशा होयबाचीहि गरज नसते, कारण त्याचे प्रश्न मुळांतच बंद करण्याचा एक पर्याय असतो. एका साधनानें तर त्या पर्यायाच्या नांवांतच 'धोक्याचें' हा शब्द घालून ठेवला आहे. पुतणी घुटमळली. "काका, हा पर्याय आपल्या मुलांसाठी नाही. बाजूला वेगळ्या यंत्रात, जिथं गमावण्यासारखं काही नाही, तिथं वापरायचा असतो." आम्ही म्हणालों, "आपल्याकडे तरी गमावण्यासारखें काय आहे?" वडील माणसाचा शब्द तिनें मोडला नाहीं. ती ओळ स्क्रिप्टमध्यें गेली, आणि आठहि लॅपटॉपांवर आमच्या नांवानें कायमचा होकार लिहिला गेला.

पुढच्या आठवड्यांत आम्हीं मुलांस काम दिलें कीं बाईंनीं केलेली पुस्तकांची यादी साफसूफ करून घ्या. नववींतल्या एका हुशार मुलानें बाईंचा पेन ड्राइव्ह लावला व एजंटास मराठींतच लिहिलें कीं, यादी व्यवस्थित लाव, दुबार नोंदी काढून टाक, रिकामे रकाने काढून टाक. एजंटानें तें अक्षरशः केलें. एकाच पुस्तकाच्या चौदा प्रती त्याच्या दृष्टीनें एकाच नोंदीच्या चौदा चुका होत्या. त्यानें एक ठेवली. शेऱ्याचा रकाना निम्म्याहून अधिक ठिकाणीं कोरा होता, आणि जेथें भरला होता तेथें सारख्या घडणीचा नव्हता. तो त्यानें गाळला. मग जुन्या फाईलीवर नवी लिहिली व नम्रपणें कळविलें कीं काम पूर्ण झालें. यादी खरोखरच सुंदर दिसत होती. आम्हीं मुलाची पाठ थोपटली.

बाईंनीं ती दुपारीं पाहिली. बराच वेळ त्या पडद्यावर बोट फिरवीत होत्या, जणूं काय खालीं कोठें तरी उरलेलें असेल. मग त्यांनीं विचारलें, "ह्यातली माणसं कुठं गेली, सर?" आम्हांस प्रथम प्रश्नच समजला नाहीं. समजला तेव्हां आम्ही कांहींतरी यंत्राच्या चुकीविषयीं बोलूं लागलों. त्यावर बाई म्हणाल्या, "इतकं सगळं पुसायच्या आधी ते तुम्हांला एकदा विचारत नाही का हो?"

विचारीत होतें, आम्हींच त्याला गप्प केलें होतें. हें उत्तर आम्हांस त्या वेळीं देतां आलें नाहीं, म्हणून येथें देत आहों. आजीचें वाक्य आठवलें तें याच क्षणीं. परंतु आमची स्थिति त्या नंदीबैलवाल्याहूनहि वाईट होती. त्याच्या बैलाला नाहीं म्हणण्यास कोणीं शिकविलें नव्हतें. आमच्या बैलाला मान डोलविण्यापूर्वीं विचारण्यास कोणीं तरी शिकवून पाठविलें होतें, आणि आम्हीं तें त्याच्याकडून विसरवून घेतलें. खाल्ल्या मिठाला जागून तो आमच्याच आज्ञेंत राहिला.

पुतणीस कळविलें, तेव्हां ती रात्रीच्या गाडीनें लातुराहून परत आली. पेन ड्राइव्हवर गेलेलें परत मिळविण्याचे प्रयत्न केले. नवी फाईल त्याच जागीं लिहिली गेल्यामुळें हातीं कांहीं लागलें नाहीं. बाईंनीं पहिल्या हिवाळ्याच्या अखेरीस केलेलें अर्धें काम तिला दाखविण्यासाठीं ई-मेलनें धाडलें होतें, तेवढें मिळालें. उरलेल्या अर्ध्यासाठीं एकच उपाय होता. देणगीच्या पुस्तकांवर पहिल्या कोऱ्या पानावर देणारे बहुधा कांहींतरी लिहितात. दीड हजारांवर पुस्तकें उघडून तें पान वाचावयाचें. आठहि मुलें बसलीं. आठवड्याचें काम तीन आठवडे चाललें, कारण मुलें वाचतांना थबकत. कोणाला आजोबांचें नांव सांपडे, कोणाला शेजारच्या घरचें. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपांत गेलेल्या एका नातलगाच्या नांवानें दिलेलें एक पुस्तक निघालें, त्याची तर नोंदवहींतहि दखल नव्हती. पण त्रेसष्ट पुस्तकें अशीं निघालीं कीं त्यांची बांधणी पूर्वीं नव्यानें करून घेतली होती, आणि बांधणाऱ्यानें कोरें पान म्हणून पहिलें पान काढून टाकलें होतें. म्हणजे होयबा आम्हांपूर्वींहि या वाचनालयांत येऊन गेला होता. त्याच्या हातांत संगणकाऐवजीं कात्री होती, इतकाच भेद.

यावरून कोणी असा बोध घेईल कीं स्क्रिप्ट वाईट, पायऱ्यांची वही बरी, तर तो आम्हांस मान्य नाहीं. त्या चाळीस पायऱ्या आठ यंत्रांवर हातांनीं करणें हें शहाणपण नव्हे. त्यांत चुका अधिक झाल्या असत्या, आणि तीं यंत्रें आजहि कपाटांत पडून राहिलीं असतीं. प्रश्न सारे तसेच राहूं दिले असते तरी बचाव झाला असता, असेंहि आम्हांस वाटत नाहीं. मुलें तिसऱ्या दिवसापासून प्रश्न न वाचतांच होकाराची कळ दाबीत होतीं, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. चाळीस वेळां एकाच सुरांत विचारलेला प्रश्न हा प्रश्न राहत नाहीं. आणि जो प्रश्न परभाषेंत असल्यामुळें कळतच नाहीं त्याचें उत्तर ही संमति नव्हे. बँकेच्या कागदांवर फुल्या पाहून सह्या करणारे आमचे शेतकरी बंधु हें आमच्यापेक्षां अधिक चांगलें जाणतात. आमची चूक प्रश्न कमी करण्यांत नव्हती. हलके प्रश्न व भारी प्रश्न यांना एकाच दावणीस बांधून दोन्ही एकदम सोडून दिले, ही आमची चूक.

पुतणीनें स्क्रिप्ट पुनः लिहिली. आतां आरंभींच ती वाचनालयाच्या फाईलींची तारखेसह प्रत काढून निराळ्या ठिकाणीं ठेवते, आणि तें न साधलें तर पुढें जात नाहीं. एजंटाच्या नियमांची एक लहान फाईल ती प्रत्येक यंत्रावर बसविते. वाचावयाचें असेल तर विचारूं नये. लिहावयाचें तें एका ठराविक फोल्डरांतच, मुलांनीं वाटेल तेवढें खेळावें. त्याबाहेरची फाईल बदलणें आणि कोठलीहि पुसणें, या दोहोंस मात्र दर वेळीं विचारल्याशिवाय हात लावूं नये. एजंटास देण्याच्या सूचना तिनें मराठींत लिहिल्या आहेत: काय करणार, किती नोंदी जाणार, त्या परत आणतां येतील कीं नाहीं, हें आधीं साध्या मराठींत सांग. दिवसाकाठीं येणारे चाळीस-पन्नास प्रश्न दोन-तीनांवर आले. 'येस' तेवढी तिनें ठेवली, पण साधन उतरवितांनाच्या निरुपद्रवी प्रश्नांपुरती. ती ओळ दाखवून ती म्हणाली, "काका, तुमचा होयबा इथं बसवलाय. इथं तो कुणाचं वाईट करणार नाही."

बाईंनीं शेऱ्याचा रकाना पुनः भरला. त्या त्रेसष्ट पुस्तकांपाशीं येऊन त्या थांबल्या. आम्हीं सुचविलें कीं तेवढे रकाने कोरे ठेवावे. निदान खोटें कांहीं लिहिलें असें होणार नाहीं. बाईंनीं कांहीं वेळ विचार केला, आणि एका बोटानें त्रेसष्ट वेळां टंकलें: 'कोणाच्या तरी स्मरणार्थ.' एकच मजकूर आहे, एकदां लिहून खालीं उतरवितां येतो, असें आम्हांस सांगावयाचें होतें. पण आम्ही या खेपेस गप्प राहिलों.

परवां संध्याकाळीं नववींतला तोच मुलगा लॅपटॉप उचलून आमच्या टेबलाशीं आला. पडद्यावर मराठी वाक्य होतें कीं सोळा जुन्या फाईली पुसावयाच्या आहेत, त्या परत आणतां येणार नाहींत, परवानगी आहे का. त्याचें बोट कळफलकाच्या वर होतें, खालीं येत नव्हतें. "सर, कोणत्या फाईली आहेत ते आधी बघू का?" त्यानें विचारलें. आम्हीं शेजारची खुर्ची ओढून त्याला बसावयास सांगितलें, चष्मा पुसला, आणि आम्ही दोघे पहिल्या फाईलीपासून वाचूं लागलों.